कुलूप कोणी लावलं? : स्वयंसेवी पहाऱ्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात आम्ही सहा जण दर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, मिळून गोष्ट रचायचा हा खेळ. पाच खेळाडू आणि मी डीएम, म्हणजे जग मांडणारा आणि त्यातली बाकीची सगळी माणसं बोलणारा. नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे, जग मात्र घरचं. माणसांची नावं गाळतोय, पात्रांवरूनच ओळखा: पॅलाडिन (व्रतस्थ योद्धा), जादूगार, बार्ड (भाट), बुटका लढवय्या आणि चोर. चोराचा मूळ शब्द 'रोग' आहे, पण "मी रोग आहे" असं कोणी म्हटलं की अर्धा तास हसण्यात जायचा, म्हणून चोर. बुटक्याचं पात्र चालवणारा आमच्यात वयाने सगळ्यात मोठा. त्याला सगळे दादा म्हणतात.

शहराचं नाव सातधक्के. खाडीकाठचं बंदर. राजाची फौज जकातनाका आणि तटबंदी सांभाळते, गल्लीबोळांत तिला रस नाही. रात्री शहर राखतात ते दीपमाउलीचे भक्त. दर घरामागे एक माणूस, आठवड्यातून एक रात्र. पगार नाही. पहाटे देवळात गरम खिचडी आणि कपाळाला काजळीचा टिळा, एवढीच कमाई. हातात दिवटी, काठी आणि शिट्टी, तलवार वर्ज्य. अधिकृत नाव 'ज्योतीचा पहारा'. दिवटी धरणारे म्हणून मी एकदा त्यांना 'दिवटे' म्हणालो आणि चोर लगेच बोलला, "म्हणजे दिवटे चिरंजीव!" झालं, ज्योतीचा पहारा तिथेच संपला. तेव्हापासून ते दिवटेच.

दिवट्यांचा नमुना मी लांबून आणला नव्हता. विसर्जन मिरवणुकीत दोर धरून उभे असलेले कार्यकर्ते डोळ्यांसमोर होते. एरवी वर्गात मागच्या बाकावर दडून बसणारा पोरगा छातीला बिल्ला लागला की "ओ काका, दोराच्या आत नाही यायचं" असं ठणकावतो, आणि काका मुकाट्याने मागे सरकतात. त्या पोराला हा अधिकार कोणी दिला? कागदावर कोणीच नाही. मला हेच खेळात हवं होतं.

आकडे मात्र इंग्लंडमधून उचलले. तिथे १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने गावागावांत रात्रीचा पहारा लावला होता. शहराच्या प्रत्येक दरवाजावर सहा माणसं, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. अनोळखी माणूस दिसला तर सकाळपर्यंत धरून ठेवायचा, आणि संशयासारखं काही नसेल तर सोडून द्यायचा. मी सहाचा आकडा घेतला, सकाळपर्यंत धरून ठेवणंही घेतलं. सोडून देण्याचं वाक्य घ्यायचं राहिलं. ते मुद्दाम वगळलं नव्हतं, तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही एवढंच.

नियमांच्या भाषेत दिवटे अगदी लेचेपेचे. पुस्तकातल्या साध्या पहारेकऱ्याचा आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागणं किती अवघड तो आकडा, १६ असतो, पण तो चिलखत आणि ढालीमुळे. दोन्ही काढून घेतलं की ११ उरतो. हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, तीही ११. तिसऱ्या लेव्हलची पार्टी, म्हणजे खेळाडूंची पात्रं, अशा सहा जणांना चहा निवेपर्यंत आडवं करेल. त्यामुळे दिवट्यांचा धाक काठीतून येणार नव्हता. तो आला एका मंत्रातून.

प्रत्येक पेठेतल्या गटाबरोबर मी देवळाचा एक पुजारी दिला आणि त्याच्या मंत्रांच्या यादीत झोन ऑफ ट्रुथ, म्हणजे सत्याचं वर्तुळ, घातला. पंधरा फूट त्रिज्येचं वर्तुळ, दहा मिनिटं. चौकातली चहाची गाडी आणि समोरची पानटपरी दोन्ही मावतील एवढी जागा. आत उभ्या माणसाने सेव्ह, म्हणजे मंत्रातून निसटायचा फासा, चुकवला की त्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. सेव्ह एकदाच नसतो, दर सहा सेकंदांनी नवा, म्हणजे दहा मिनिटांत साधा माणूस कधी ना कधी अडकतोच. आणि कोण अडकलं हे पुजाऱ्याला कळतं. टेबलावर याला नाव पडलं 'रिंगण'.

तिढा

या मंत्रात एक फट आहे, आणि ती नियमातच लिहिली आहे. रिंगणातल्या माणसाला खोटं बोलता येत नसलं तरी गप्प बसता येतं. उत्तर टाळता येतं.

पुजाऱ्याकडे दुसऱ्या पातळीचे तीन आणि तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या मोजक्या संधी. सगळे रिंगणावर खर्चले तरी रात्रीत पाच रिंगणं, म्हणजे पन्नास मिनिटं. एका पेठेला रात्रभरात पन्नास मिनिटांचं सत्य! ती कोणावर घालवायची हे ठरवायचा गटाचा नाईक. आणि वेळ मोजका असल्यामुळे गप्प बसणाऱ्यावर तो चिडायचा. दोन-तीन सेशनांत, मी फारसा विचार न करता, नाईकाच्या तोंडी एक वाक्य रुळलं: "माउलीच्या रिंगणात जो गप्प, तो चोर." मला ते वाक्य फार आवडलं होतं. पल्लेदार वाटायचं.

पॅलाडिन स्वतःहून दिवट्यांत सामील झाली. तिच्या पात्राला ते शोभत होतं. सहाव्या सेशनला शुक्रवारच्या गटाने एका नावाड्याला रिंगणात उभं केलं. मध्यरात्री कोणाला पलीकडे सोडून आलास? नावाडी बोलेना. नवऱ्याचं घर सोडून निघालेली एक बाई त्याने पैलतीरावर पोचवली होती आणि तिला शब्द दिला होता. हे मला ठाऊक होतं, खेळाडूंना नव्हतं. त्या रात्री असेच न बोललेले आणखी चार जण होते.

इथे मी जे वाक्य बोललो ते वहीत आहे, म्हणून जसंच्या तसं देतो: "पहाट व्हायला अजून तीन तास आहेत. तुम्ही पाचही जणांना देवळाच्या तेलकोठीत घालता, बाहेरून कुलूप लावता आणि पुढच्या फेरीला निघता."

मग चोराकडे वळलो. तो दुसऱ्या बाजूने देवळातली तेलाच्या हिशेबाची चोपडी लांबवत होता. त्याला वीसपैकी वीस पडले, आरडाओरडा झाला. जादूगार खोलीवर बसून नवा मंत्र वहीत उतरवत होता. वीसेक मिनिटांनी मी पहाट केली आणि तेलकोठी उघडली. पाचांतले तिघे गुदमरून मेले होते. नावाडी त्यांत होता.

हा प्रसंग मी महिनाभर आधी ठरवून ठेवला होता. पुण्यात वाढलेल्या माणसाला तो कुठून सुचला हे सांगायला नको. १७९१ साली घाशीराम कोतवालाच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण असेच कोंडले गेले, त्यातले कित्येक गुदमरून मेले, आणि खवळलेल्या जमावाने पुढे कोतवालाला दगडांनी ठेचून मारलं. माझा बेत असा, की दिवट्यांचाही असाच उद्रेक होईल, शहर पेटेल आणि पार्टी मधोमध सापडेल.

पॅलाडिनने फासे डबीत ठेवले. डबीचं झाकण लावलं. म्हणाली, "मी कुलूप लावलं नसतं. तू मला विचारलंच नाहीस."

कोणी काही बोललं नाही. टेबलाच्या मध्यावर फुली मारलेलं कार्ड पडलेलं होतं. एखादी गोष्ट सहन होत नसेल तर त्याला हात लावायचा, खेळ तिथेच थांबतो. सगळं मान्य होऊन ठेवलेलं. पण हात लावणार कधी? तिच्या हाताने कुलूप लागलं ते माझ्या अर्ध्या वाक्यात, आणि तोवर मी चोराशी बोलायला लागलो होतो.

समोरचे पर्याय

त्या रात्री खेळ थांबवला. पुढचे दोन आठवडे व्हॉट्सअॅपवर आणि फोनवर गेले. घोळ दोन पातळ्यांवर होता आणि मला सुरुवातीला एकच दिसत होती. कथेत तीन माणसं मेली होती. टेबलावर मी एका खेळाडूचं पात्र तिच्या परवानगीशिवाय चालवलं होतं.

पहिला पर्याय, झालं ते झालं, पुढे जायचं. जादूगाराचा याला जोरदार पाठिंबा. त्याचं म्हणणं: "निकाल आवडला नाही म्हणून मागे यायचं असेल तर फासे कशाला टाकतो आपण?" या प्रश्नाला चार दिवस माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग दादानेच दाखवून दिलं, की चोपडीसाठी फासा पडला, नावाड्याच्या सेव्हसाठी पडला, पण कुलपासाठी फासा पडलाच नव्हता. तो निकाल नव्हता, ते माझं वाक्य होतं.

दुसरा पर्याय अख्खी रात्र पुसायची. मग चोराचे वीस पुसले जातात आणि जादूगाराचा दोन तास बसून उतरवलेला मंत्रही. ज्यांनी काही चूक केली नव्हती त्यांनी किंमत का मोजायची?

तिसरा, कॅम्पेन, म्हणजे ही चालू असलेली अख्खी गोष्टच, बंद करायचं. हा बार्डने हळूच सुचवला होता. टेबल मोडण्यापेक्षा गोष्ट मोडलेली बरी, असं तिचं मत. मी तो नाकारला, आणि खरं सांगायचं तर आधी अभिमानापोटी. कारणं नंतर शोधली.

चौथा, फक्त दारापर्यंत मागे जायचं. तेलकोठीचं दार, हातात कुलूप, आणि या वेळी प्रश्न विचारायचा: काय करतेस? बाकी रात्र जशीच्या तशी. यात एक अडचण होती. खोलीत काय होणार हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. कळून-सवरून घेतलेला निर्णय कसला निर्णय?

काय केलं

पॅलाडिनला मी फोन केला. समजावायला केला होता, म्हणजे माझी बाजू मांडायला. दहा मिनिटं बोलल्यावर तिने विचारलं, "दिवटे नक्की कोणाचं ऐकतात?" मी म्हणालो, नाईकाचं. "आणि नाईक?" महंताचं. "मग माझ्या पात्राने नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं?" मला माहीत नव्हतं. मी पहाऱ्याची काठी, शिट्टी, टिळा, खिचडी, सगळं ठरवलं होतं. नकार दिला तर काय, हे ठरवलं नव्हतं. पगारी शिपायाची नोकरी जाते. ज्याला पगारच नाही त्याचं काय जातं? आठवड्याची एक रात्र मोकळी होते, एवढंच! मग तो ऐकतो कशासाठी? पेठेत तोंड दाखवायला हवं म्हणून, टिळ्यासाठी, माउलीसाठी. त्याला धाक बसतो तो याच गोष्टींचा.

त्या फोननंतर चौथा पर्याय पक्का केला. जादूगाराला आधी स्वतंत्र सांगितलं. त्याला पटलं नाही, पण तो आला.

दाराशी परत जाण्याआधी मी पहाऱ्याचे नियम कागदावर उतरवून आणले. धरलेला माणूस सूर्योदयापर्यंतच, आणि तोही उघड्यावर, चार लोकांच्या नजरेसमोर. रिंगणातलं मौन हा गुन्हा नाही. नाईक दर पौर्णिमेला बदलेल. मी बऱ्यापैकी खूश होतो. दादाने कागद वाचला, चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, "नाईकच चुकला तर सांगायचं कुणाला?"

"महंताला."

"नाईक नेमला कुणी?"

"महंताने."

"मग काय उपयोग, बाळा."

दादा आजोबांच्या दिंडीबरोबर तीन वेळा माउलींच्या पालखीत चाललेला आहे. तो त्या दिवशी आम्हाला समाजआरतीबद्दल सांगत बसला आणि खेळ तासभर सुरूच झाला नाही. पालखी मुक्कामाला तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. मग चोपदार चोप उंच धरतात आणि एवढा मोठा समाज क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती गप्प होत नाही. ती टाळ वाजवतच राहते. तेवढाच आवाज तळावर उरतो. चोपदार तिथे जातात, काय झालंय ते ऐकून घेतात. हरवलं-सापडलं तेही तिथेच पुकारतात. मग आरती. "तक्रार करायला कोणाच्या दारात जावं लागत नाही," दादा म्हणाला. "सगळे थांबलेले असताना आपण थांबायचं नाही, बस."

पॅलाडिन म्हणाली, "हे घ्या." मी माझा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहिलं: पहाटेच्या आरतीला महंत दीप उचलतो, तेव्हा सगळे गट काठ्या थांबवतात. ज्या गटाची किंवा ज्या एकट्या दिवट्याची तक्रार असेल त्याने काठी जमिनीवर आपटत राहायची. ती थांबेपर्यंत महंताला आरती करता येत नाही, आणि आरती झाल्याशिवाय खिचडी वाढली जात नाही. शेवटचं कलम चोराचं. तो म्हणाला, देवाला उशीर झालेला चालतो, शंभर उपाशी माणसांना नाही चालत.

मग दारापाशी गेलो. या वेळी मी तेलकोठीचं दार दाखवलं, आतला वास सांगितला, खिडकी नाही हे सांगितलं, नाईकाने कुलूप तिच्या हातात दिलं, आणि थांबलो. "काय करतेस?"

तिने कुलूप कमरेला लटकवलं आणि पाचही जणांना देवळाच्या पायरीवर बसवलं. नाईक ओरडला. तिने 'समजूत' साठी रोल केला, सात पडले. नाईक ऐकणार नव्हता. तो म्हणाला, पहाटे महंतांसमोर बघू. चोराने मध्येच विचारलं, हा फासा पुन्हा टाकता येईल का? सगळे हसले आणि हवा जरा मोकळी झाली.

पहाट झाली. मी महंताच्या आवाजात आरतीची पहिली ओळ घेतली. पॅलाडिनने समोरचा स्टीलचा पेला उचलला आणि टेबलावर आपटायला लागली. ठक. ठक. ठक. मी ओळ पुन्हा घेतली. ठक. मी वर्णन सुरू केलं, ती थांबेना. दोन मिनिटं मला एक वाक्य धड पुरं करता आलं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, काही पडलं का रे? मग कुठे मी महंताला दीप खाली ठेवायला लावून तिच्यापाशी पाठवलं.

काय झालं

नावाडी सुटला. महंताने नाईकाला काढलं नाही, पौर्णिमेपर्यंत दारावरच्या सहांत उभं केलं. रिंगणातलं मौन आता गुन्हा नाही, त्यामुळे पुजाऱ्याची पन्नास मिनिटं आधीपेक्षा कमी उपयोगाची झाली. पलीकडे गेलेल्या बाईचा नवरा तेल पुरवणारा व्यापारी निघाला. ते चोराच्या चोपडीत आधीपासूनच होतं, मी फक्त वापरलं.

दिवट्यांची वाट मात्र सरळ झाली नाही. तक्रारीची सोय झाल्यावर पहिल्या चार पहाटांत तीनदा आरती अडली, त्यातली एक तक्रार खिचडीत मीठ कमी असल्याची. शुक्रवारच्या गटातले निम्मे लोक यायचे बंद झाले. नाईकाचा अपमान झाला असं त्यांना वाटलं, आणि बिनपगारी माणसाला थांबवणार कसं? पेठेत घरफोड्या वाढल्या. त्यातल्या किती आमच्या चोराच्या, हे वेगळं प्रकरण.

जादूगार आणखी दोन सेशनं खेळला आणि निघून गेला. भांडण नाही. त्याचं म्हणणं आजही तेच: फक्त दार मागे घेतलंस, पण आत काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं, मग पॅलाडिनने दाखवलं ते धैर्य कसं? यात तथ्य आहे. पॅलाडिनचं उत्तर असं, की धैर्य दाखवायला ती आली नव्हती, आपलं पात्र आपल्या हातात परत घ्यायला आली होती.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती पाच अक्षरांची होती. "कुलूप लावता" ऐवजी "काय करता?" इतकंच. डीएमला पुढच्या दृश्याची घाई असली की खेळाडूंचे हात तो स्वतःच हलवतो, आणि मला घाई होती कारण पुढचं दृश्य मी महिनाभर रंगवलं होतं.

१७९१ आणावं की नाही, यावर माझं मत अजून डळमळतं. ती खरी माणसं होती. पार्टीला कोठडी बाहेरून दिसली असती, वास आला असता, आतून दारावर मारलेल्या थापा ऐकू आल्या असत्या, तर तो इतिहास वापरण्यात अर्थ होता. मी तो झाकण उघडून भुताचं खेळणं दाखवावं तसा वापरला.

पहाऱ्याची रचना करताना मी खर्च हत्यारांवर आणि मंत्रावर केला. पहिल्या सेशनच्या आधी तीन प्रश्न कागदावर असते तर पुरले असते: धरलेला माणूस कुठे बसतो, किती वेळ, आणि ज्याला हे चुकीचं वाटतं तो काय करतो. विंचेस्टरच्या कायद्यातून सहाचा आकडा उचलताना पुढचं वाक्य मनावर घेतलं असतं, तर पहिल्या दोनांची सोय तिथेच होती. तिसऱ्याची मला तिथे सापडली नाही, दादाकडे सापडली.

फुलीचं कार्ड आजही टेबलावर असतं. शेजारी स्टीलचा पेलाही असतो. आतापर्यंत तीनदा वाजला, दोनदा माझ्यावर, एकदा चोरावर.

पुढचा प्रश्न दिवट्यांना पगार द्यायचा का हा आहे. महंत नाही म्हणतो, व्यापारी हो म्हणतात, पार्टीत दोन तट आहेत. दिवाळीनंतर बसू. पगारी पहारा झालाच तर पहिला अर्ज आपला, असं चोराने आत्ताच कळवून ठेवलंय.